मामा पाण्यात

देव पाण्यात घालायला अक्कल लागत नाही, बाहेर कधी काढायचे याला लागते. हे वाक्य माझं नाही, शेजारच्या धोंडूबाईंचं आहे. ते त्यांनी भर गॅलरीत, निम्मी चाळ जमलेली असताना, माझ्याकडे हात करून उच्चारलं. मी त्या वेळी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून घंगाळात पाय सोडून बसलो होतो आणि माझ्या मांडीवर पृथ्वीचा गोल होता. अशा अवस्थेत माणसाला वाद घालता येत नाही. तरी मी "विषय जरा गुंतागुंतीचा आहे" एवढं म्हणालो, पण खाली तळमजल्यावर अन्सारीसेठचे कापड विणायचे लूम चालू होते, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मी भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कुणी ना कुणी सांगणारच आहे, आणि ज्या सुरात सांगितलं जातं तो सूर मला आवडत नाही.

प्रकरण सुरू झालं माझ्या भाच्यापासून. अनंता हा माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, एकुलता एक मुलगा. कामतघरच्या एका कारखान्यात तो लूमचा जॉबर होता, म्हणजे बंद पडलेला लूम पुन्हा चालता करणं हे त्याचं काम. एका व्यापाऱ्याच्या ओळखीने त्याला नायजेरियातल्या लागोस शहरात कापडगिरणीत नोकरी लागली. आमच्या चाळीच्या हिशेबी परदेश तीनच होते: लंडन, अमेरिका आणि कुवेत. लागोस यातल्या कशात येतं, असं मला प्रत्येकाने विचारलं. मी "कुवेतच्या पलीकडे" असं सांगू लागलो. भूगोलाच्या शिक्षकाला हे उत्तर शोभत नाही हे मला कळतं, पण हातात दुधाचं भांडं घेऊन जिन्यात आफ्रिका खंड शिकवता येत नाही.

विमान रविवारी पहाटे सांताक्रूझहून सुटणार होतं. गुरुवारीच आक्का आमच्या अंजूर गावाहून आली. एका हातात वालाच्या शेंगांची पिशवी आणि काखेत धुवट लुगड्यात बांधलेलं गाठोडं. गाठोड्यात घरचे देव होते. एकवीरेचा टाक, खंडोबाचा टाक, रांगता बाळकृष्ण आणि नाकाशी झिजलेला एक गणपती. सगळे देव घेऊन आक्का घराबाहेर पडली म्हटल्यावर मी जरा घाबरलोच.

"केसरी," ती गाठोडं खाली न ठेवता म्हणाली, "इमान वर गेलं का मी देव पान्यात घालनार. खाली उतारलं का काढनार. तवर पान्याचा थेंब घेनार न्हाय. तुज्याकडं घड्याल हाय, म्हनून हितं आले. आता सांग, इमानाला किती टायम लागतो?"

"अगं, काढून सांगतो ना."

"काढून म्हंजी? तू मास्तर हायेस ना?"

आता यात एक मोठी अडचण होती. आक्काने उपाशी राहू नये अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मागच्या एकादशीला ती शेताच्या बांधावर चक्कर येऊन पडली होती आणि अनंताने तिला पाठुंगळी मारून घरी आणलं होतं. जाण्याआधी अनंता मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, आई काय ऐकायची न्हाय. पण तुम्ही बघा. गरजेपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका तिला." म्हणजे देव लवकर काढले तर आक्काच्या मनाला धोका आणि उशिरा काढले तर आक्काच्या जिवाला. मुंबई ते लागोस किती अंतर आणि किती वेळ, एवढा एक प्रश्न. सातवीच्या पोराला घालावा असा. मी आक्काला म्हटलं, शनिवारपर्यंत पक्कं उत्तर देतो.

माणसाने कधीही काहीही शनिवारपर्यंत देतो असं म्हणू नये. निदान आमच्या नारपोली भागात तरी नाही. आमच्या चाळीत तळमजल्यावर लूम आणि वर माणसं राहतात. लूमच्या खडखडाटात आवाज चढवल्याशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे नवराबायकोची कुजबूजसुद्धा तिसऱ्या खोलीत पोचते. संध्याकाळपर्यंत लागोस हा अख्ख्या चाळीचा प्रश्न झाला होता.

पहिले आले रामनाथ. ते एसटीत कंडक्टर आहेत आणि जगातला सगळा प्रवास ते एसटीच्या मापाने मोजतात. "मास्तर, नुसता रनिंग टाइम धरू नका. हॉल्ट धरा. पायलट माणूस आहे, चहा पिणार, जेवणार, तंबाखू मळणार. लांब पल्ल्याच्या गाडीला मी चौदा हॉल्ट धरतो."

"आकाशात हॉल्ट?"

"मग काय पडेल की काय लगेच?" रामनाथ म्हणाले. मी विषय वाढवला नाही.

मग अन्सारीसेठ वर आले. तळमजल्यावरचे लूम त्यांचे. त्यांचे मामू विमानाने हजला जाऊन आले होते, म्हणून हवाई वाहतुकीवर त्यांचा शब्द शेवटचा. "देखो मास्टर, हवाई जहाज में घंटे नहीं गिनते. बैठो, नाश्ता आता है. खाओ, सो जाओ, पहुँच गए. जेद्दा एक नाश्ते का रास्ता है. आपका लागोस दो नाश्ते का होगा. ज़्यादा से ज़्यादा दो नाश्ते और एक चाय."

धोंडूबाई मात्र या सगळ्याच्या वर होत्या. त्यांच्या मते वेळ काढणं हाच अविश्वास. "देवाला ठाव नाय का कवा पोचलं ते? टाक पान्यात आपोआप हलतो. आमच्या सासूबाईंनी बघितलाय." आक्का या बोलण्याने डळमळेल असं मला वाटलं होतं, पण ती ठाम होती. देव हलतो ते ठीक, पण केसरी घड्याळ बघून सांगणार. तिचा हा विश्वास बघून मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, थोडा ताठाही आला.

शास्त्रीय पद्धत म्हणजे गोल. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणायचा, मोजायचा आणि प्रमाणाने गुणायचं. आमच्या शाळेत एक गोल आहे. तो कपाटात आहे, आणि कपाट उघडायला मुख्याध्यापकांची परवानगी लागते, कारण गोल डेड स्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या, रजिस्टरात लावलेला आहे. मी वर्षानुवर्षं पृथ्वी शिकवताना लिंबं वापरतो ती याच कारणाने. मुख्याध्यापकांनी अर्ज मागितला. अर्जात कारण काय लिहावं हे मला सुचेना. "बहिणीचे देव पाण्यात घालायचे आहेत" असं शासकीय भाषेत लिहिता येत नाही. शेवटी "शैक्षणिक कामासाठी, रविवारपर्यंत" असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "रविवारी कसलं शैक्षणिक काम?" मी म्हटलं, मुलांसाठी तयारी करायची आहे. एवढी वर्षं मी कधी तयारी केली नसल्यामुळे त्यांना ते खरं वाटलं नाही, पण सही केली. सोमवारी सकाळी गोल परत, नाहीतर ते स्वतः घरी येऊन नेतील, असंही बजावलं.

मग दौलत शिपायाला किल्ली सापडेना. किल्ली सापडली तेव्हा कपाटाचं दार फुगलं होतं. दार उघडलं तेव्हा गोलावर उत्तर ध्रुवापाशी पालीची अंडी निघाली. गोल काखोटीला मारून मी बाजारातून निघालो तर निदान पाच जणांनी विचारलं, "मास्तर, कलिंगड एवढ्या थंडीत कुठं मिळालं?" मी कुणालाही उत्तर दिलं नाही. ज्ञानाची वाट काटेरी असते हे मला ठाऊक होतं, ती बाजारातून जाते हे ठाऊक नव्हतं.

दोरा अन्सारीसेठनी दिला, चांगला पक्का, लूमवरच्या ताण्याचा. आक्काने मुंबईवर बोट ठेवलं, माझ्या बायकोने, चंद्राने, लागोसवर. अंतर निघालं पावणेपाच हजार मैलांच्या आसपास. विमानाचा वेग मी ताशी साडेपाचशे मैल धरला. भागाकार केला. साडेआठ तास.

आणि मग मी अनंताच्या तिकिटावरच्या वेळा पाहिल्या. सांताक्रूझहून सुटणार पहाटे पाचला. लागोसला पोचणार दुपारी दीडला. पाच ते दीड म्हणजे किती? साडेआठ तास!

दोन वेगळ्या वाटांनी काढलेलं उत्तर एकच आलं की गणित बरोबर, असं मी मुलांना नेहमी सांगतो. माझा आनंद काय वर्णावा? मी ते सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं जाहीर केलं. रामनाथ तिकीट हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, यात मध्ये नैरोबी पण लिहिलंय. हॉल्ट आहे." मी हसून म्हटलं, "रामनाथ, उत्तर जुळलं की पायऱ्या बघायच्या नसतात." आक्काने माझ्या अंगावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. साडेआठ तास ती सहज निभावून नेणार होती.

शनिवारी रात्रीच अनंता निघाला. त्याचा मित्र चिंधू टेम्पो चालवतो, तो त्याला सांताक्रूझला सोडायला गेला. आक्का गेली नाही. देवांपाशी कुणीतरी पाहिजे, असं म्हणाली. अनंता तिच्या पाया पडला तेव्हा तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि परत काढून पुन्हा लावलं. मला वाटतं तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी पहाटे पाचचे टोले पडले आणि आक्काने एकेक देव परातीतल्या पाण्यात ठेवला. मग ती समोर बसली. मांडी घालून, परातीकडे तोंड करून, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून घड्याळाकडे. चंद्राने चूल सुद्धा हळू पेटवली. दिवस वर आला, खाली लूम सुरू झाले, परातीतलं पाणी त्या हादऱ्याने थरथरू लागलं आणि धोंडूबाई दारातून "टाक हलतोय, टाक हलतोय" असं सांगून गेल्या. आक्का हलली नाही. तिचे ओठ कोरडे पडत चालले होते ते मला दिसत होतं. बारानंतर मी घड्याळाकडे तिच्यापेक्षा जास्त वेळा पाहत होतो.

दीडचा टोला पडला.

"आक्का, पोचला," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून हात जोडले. देव बाहेर काढले, जुन्या मऊ पंचाने पुसले, पाटावर बसवले, हळदकुंकू वाहिलं, दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला. मग तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. चंद्राने वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. आक्का जेवायला बसली. शेजारपाजारचे दारात जमले, अन्सारीसेठनी पेढे पाठवले, आणि मला कोणी बोल म्हटलेलं नसताना मी बोलू लागलो.

सुरुवात चंद्राने केली, हे मी नोंदवून ठेवतो. तिने विचारलं, "अहो, तिथे उतरल्यावर त्याला जेवायला मिळेल ना? दुपारचीच वेळ आहे."

"असं नसतं," मी म्हणालो, आणि शाळेतल्यासारखे हात पाठीमागे घेतले. लूमच्या आवाजावर आवाज चढवावा लागत होता. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे सूर्य आधी आपल्याकडे उगवतो, मग अरबस्तानात, मग आफ्रिकेत. लागोसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आपल्याकडे आता दीड वाजून गेला, म्हणजे तिथे जेवणाची वेळ कुठली? तिथे आता जेमतेम सकाळचे नऊ..."

इथे माझा आवाज बारीक झाला. तिकीट डोळ्यासमोर आलं. पोचण्याची वेळ दुपारी दीड. तो लागोसचा दीड. तिथे तर आता नऊ वाजले होते.

"मग?" चंद्रा ओरडली. "ऐकू येत नाही!"

"म्हणजे तो अजून पोचलेला नाही!" मी ओरडलो, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत माझं वाक्य गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, आणि मला वाटतं रस्त्यावरही गेलं, कारण खालचा पानवाला मान वर करून बघत होता.

आक्काच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तिने तो ताटात ठेवला.

"पोरगा वरतीच हाय," ती म्हणाली, "आन् मी जेवले."

ती रडली असती, ओरडली असती, मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, शिव्या द्यायचा तिला पूर्ण हक्क होता. पण ती हात धुऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपाय सोपा होता. देव पुन्हा पाण्यात घालायचे. लागोसचा दीड म्हणजे आपले संध्याकाळचे सहा, तेव्हा काढायचे, बस. पण धोंडूबाई उंबरठ्यावर आडव्या आल्या. "एकदा पुसून, नैवेद दावून बसवलेले देव त्याच दिवशी परत पान्यात? देव हायेत का भांडी?" भटजी कल्याणला लग्न लावायला गेलेले, त्यांना विचारायची सोय नव्हती. रामनाथ म्हणाले, तिकीट एकदा पंच झालं की त्यावर परत प्रवास नाही, नियम सगळीकडे सारखा. मी म्हटलं, देव क्षमाशील असतात. त्यावर धोंडूबाईंनी ते अक्कलेबद्दलचं वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. दुसऱ्यांदा मी पाण्यात असताना उच्चारलं.

"मंग माज्या पोराचं कसं?" आक्का भिंतीकडे बघतच म्हणाली.

धोंडूबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि तो तसा उजळला की चाळीत कुणाचंतरी वाईट होतं. "मामा कशाला असतो? जावळ काढताना पोराला मांडीवर घ्यायला मामा. लग्नात पोराच्या पाठी हुबा रहायला मामा. देवांची जागा मामाच घेनार. ज्यानं देव काढले त्यानं बसावं पान्यात, इमान उतरंस्तवर."

मी शिक्षक आहे. विज्ञानयुग, अंधश्रद्धा, शाळेची प्रतिष्ठा, डिसेंबरातली थंडी, असे मुद्दे माझ्याजवळ पुष्कळ होते आणि मी ते मांडायला सुरुवातही केली. तेवढ्यात आक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मला ताप आला की ती अशी बघायची. मी पायजमा दुमडायला लागलो.

खोलीत घंगाळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते गॅलरीत मांडलं. लाइट आली, लूम सुरू झाले. पाणी इतकं गार होतं की पहिल्यांदा पाय घातले तेव्हा माझ्या तोंडून अनंताचं नाही, रामाचं नाव निघालं. गोल मी मांडीवर घेतला, निदान विमान कुठवर आलं ते तरी बघता यावं. चाळीतल्या बायका पाण्याला हळदकुंकू वाहून जाऊ लागल्या. माझ्या कपाळावरही कुणीतरी एक बोट टेकवलं.

थोड्याच वेळात अन्सारीसेठ धावत वर आले. "मास्टर! ऊपर से पानी टपक रहा है! मेरा पूरा ताना भीग जाएगा!" घंगाळ हिंदकळून पाणी फळ्यांच्या फटीतून खाली लूमवर पडत होतं. मग त्यांनी मला नीट पाहिलं. रामनाथनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि त्यात मला जरा जास्तच मूर्ख ठरवलं असं मला वाटलं. सेठ खाली गेले आणि जाड प्लास्टिकचा कागद घेऊन आले, तो स्वतः घंगाळाखाली सरकवला. जाताना आक्काच्या दारापाशी थांबून म्हणाले, "बहन, फ़िक्र मत करो. मैं भी नमाज़ में दुआ करूँगा." मग मला म्हणाले, "आप हिलना मत. कपड़ा महँगा है."

एवढ्यावर भागलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. पण साडेचारच्या सुमाराला जिन्यावर छत्रीचा टक्‌ टक्‌ आवाज आला. डिसेंबरातही छत्री घेऊन फिरणारे भिवंडीत एकच गृहस्थ आहेत. मुख्याध्यापक. त्यांना गोलाची काळजी वाटून सोमवारपर्यंत धीर धरवला नव्हता.

ते गॅलरीच्या तोंडाशी उभे राहिले. मी पाण्यात, कपाळाला कुंकू, मांडीवर पृथ्वी.

"हे काय, मास्तर?"

"प्रात्यक्षिक," मी म्हणालो.

त्यांनी पुष्कळ वेळ मान हलवली. "जरा पाण्यापासून जपा," ते म्हणाले. "डेड स्टॉक आहे." आणि गोल न घेताच निघून गेले. ते कशाबद्दल बोलले याचा विचार मी अजून करतो.

सहा वाजत आले तशी गॅलरी भरली. चंद्रा पंचा घेऊन उभी राहिली. आक्का दिवसभरात पहिल्यांदाच बाहेर आली आणि दाराशी उभी राहून घड्याळ ऐकू लागली. सहाचे टोले पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे मला अनावश्यक वाटलं. मी एक पाय बाहेर काढला. तो मला माझा वाटेना.

तेवढ्यात जिना चढून चिंधू आला. सांताक्रूझहून परत येताना तो ठाण्याला मावशीकडे जेवायला थांबला होता. ताज्या बातम्या आणल्याच्या आनंदात तो म्हणाला, "काय मास्तर, जत्रा कसली? अनंता एकदम मजेत गेला. फक्त इमान सुटलं अडीच तास लेट. आम्ही काचेच्या अल्याड हुबे, तो पल्याड. सारखा हात करत व्हता. हात करून करून दमला बिचारा."

म्हणजे पहाटे पाचला देव पाण्यात घातले तेव्हा विमान जमिनीवरच होतं. माझं साडेआठ तासांचं गणित चुकलं होतं, ते दुरुस्त केलेलं गणितही चुकलं होतं, आणि आता विमान उतरायला आणखी अडीच तास होते.

"आता पुरे," धोंडूबाईच म्हणाल्या. माझे पाय बघून त्यांनाही काहीतरी वाटलं असावं. "एवढा वेल बसला, देवाला पावलं." रामनाथ म्हणाले, लेट सुटलेली गाडी रस्त्यात टाइम काढतेच, पोचलंही असेल.

आणि आक्का म्हणाली, "ऊठ रं केसरी. पाय पांढरं पडलं तुजं. तुजा काय दोष न्हाय त्यात."

मी उठायला हवं होतं. माझा या कशावर विश्वास नाही. घंगाळातल्या पाण्याचा आणि विमानाचा काहीही संबंध नाही, हे मी फळ्यावर आकृती काढून सिद्ध करू शकतो. पण काचेपलीकडे हात करणारा अनंता मला दिसत होता. तो आता माझ्या मांडीवरच्या गोलावर कुठेतरी होता, आणि मला त्याला मध्येच सोडवेना. जीव घाबरा झाला होता माझा, साधी गोष्ट आहे. मी बाहेर काढलेला पाय पुन्हा पाण्यात घातला.

"उठा की हो," चंद्रा म्हणाली.

"बसतो जरा," मी म्हणालो.

लोक हळूहळू पांगले. दिवेलागण झाली. आक्का आत गेली, तांब्याभर कढत पाणी घेऊन आली आणि माझ्या पायांवर बेताबेताने ओतत राहिली. मग पाट घेऊन माझ्या शेजारी बसली.

"कुठं आला असंल रं?"

मी गोल तिच्याकडे वळवला. नैरोबीवरून बोट पुढे नेलं. शाळेतली भाषा मला त्या वेळी आठवेना, अंजूरचीच तोंडात आली. "हे मोठं तळं हाय, ते मागं गेलं. आता जंगल. लई मोठं. आपल्या माहुलीच्या डोंगरापासून पार दिल्लीवर जाईल एवढं."

"खाली मानसं हायेत का?"

"हायेत की. नदी हाय, नदीकाठी गावं हायेत. शेतं हायेत."

ती गोलाकडे बघत राहिली. मग गॅलरीबाहेर बघितलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते, आकाश काळं होत चाललं होतं. "काळोख झाला," ती म्हणाली. "काळोखात कसा दिसल खाली उतराया? अनोळखी गाव."

"न्हाय आक्का," मी म्हणालो. "तिथं काळोख न्हाय. तेच तर ते साडेचार तास. आपल्याकडं दिवे लागले, पण तिकडं आता भर दुपार हाय. लख्ख ऊन. तो उजेडात उतरंल."

आक्काने माझ्याकडे बघितलं. मग गोलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. इतकी वर्षं मी मुलांना हे शिकवतोय, पण कुणाच्या चेहऱ्यावर असं काही उमटलेलं मी पाहिलं नव्हतं.

"उजेडात?"

"उजेडात."

"खरं?"

"आईची आन."

ती मांडी बदलून बसली, पदर डोक्यावर घेतला आणि गोलावर हात ठेवून राहिली. खाली लूम चालू होते. पाणी पुन्हा गार झालं होतं, पण आता ते तितकंसं बोचत नव्हतं.

घड्याळात साडेआठचा टोला पडला. मी तोंड उघडलं नाही, माझी पत उरलेली नव्हती. आक्काच उठली.

"पोचला," ती म्हणाली, आणि मला हात दिला.

पाय बधिर झाले होते, उभं राहवेना. मी उंबरठ्यावर बसलो. चंद्रा हातातला पंचा घेऊन पुढे आली, पण आक्काने तिला थांबवलं. ती आत देवांपाशी गेली, तिथला तो जुना मऊ पंचा घेऊन आली, खाली बसली आणि माझे पाय पुसू लागली. आधी एक, मग दुसरा, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. मी "अगं आक्का, हा देवांचा" असं म्हणायला गेलो, पण तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धोंडूबाई त्यांच्या दारातून बघत होत्या. त्यांनी पंचा ओळखला, पण त्या काही बोलल्या नाहीत.